कोल्हापूरचे दोन चौक
(माकणी येथें केलेलें भाषण)



आज मी तुमच्यापुढें पुतळ्यांविषयीं चार शब्द बोलणार आहें. "भाकरीचें बोला, पुतळे कसले सांगतां?" असें कोणी म्हणेल. खुशाल म्हणो. पण पुतळ्याची वर्गणी मागणारे शेवटीं तुमच्याच दारीं येतात. तेव्हां दिलेला पैसा कशाला लागतो, हें विचारण्याचा हक्क तुमचाच आहे.

पुण्यांतला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा तुमच्यापैकीं कांहींनीं पाहिला असेल. तो व्हावा म्हणून शाहू छत्रपतींनीं अतोनात खटपट केली. १९२१ सालीं इंग्लंडच्या युवराजाच्या हातून पाया घातला गेला, १९२२ त शाहू महाराज वारले, नानासाहेब करमरकरांनीं पुतळा घडविला, आणि १९२८ सालीं पडदा कोणी ओढला? मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनीं! महाराज आपले, खटपट आपली, आणि दोरी साहेबाच्या हातीं. त्या काळची रीतच तशी होती.

याच विल्सनसाहेबाचा पुतळा कोल्हापुरांत भर चौकांत उभा होता. १९४२ च्या चळवळींत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोन बायांनीं त्यावर डांबर ओतलें. चौकांत पोलीस, डोक्यावर इंग्रजांचें राज्य, आणि या दोघी डांबर घेऊन गेल्या! तांबट हें आडनांव ऐकून येथील कारागिरांच्या मनांत काय येईल तें मी सांगत नाहीं. पुढें तो पुतळा फोडला गेला, आणि १९४५ सालीं त्याच जागीं शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. आज त्या जागेस शिवाजी चौक म्हणतात. रोज हजारों लोक तेथून जातात. त्यांपैकीं त्या दोन बायांचीं नांवें किती जणांना सांगतां येतील?

आतां दुसरा चौक. पण त्याआधीं पुन्हां एकदां पुण्यास चला. १९२५ सालीं केशवराव जेधे यांनीं पुणें नगरपालिकेंत ठराव मांडला, कीं जोतीराव फुले यांचा पुतळा शहरांत उभारावा. ज्या नगरपालिकेचे जोतीराव १८७६ पासून कांहीं वर्षें स्वतः सभासद होते, तिनेंच तो नाकारला. त्यावरून इतकें रान पेटलें, कीं 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाचा खटला उभा राहिला, आणि आरोपींच्या बाजूनें डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले.

पंचवीस वर्षें गेलीं. माधवराव बागलांच्या पुढाकारानें ९ डिसेंबर १९५० रोजीं कोल्हापूरच्या बिंदू चौकांत दोन पुतळे शेजारीं शेजारीं बसले, एक जोतीरावांचा आणि दुसरा त्याच वकिलाचा. बाबासाहेब तेव्हां हयात होते, दिल्लींत कायदेमंत्री होते. पण मला सगळ्यांत मोठी वाटते ती गोष्ट निराळीच. पडदा ओढण्यास ना राजा, ना मंत्री. सामान्य नागरिकांच्या हातून तें काम झालें. १९२८ त जी दोरी गव्हर्नराच्या हातीं होती, ती बावीस वर्षांनीं आपल्या लोकांच्या हातीं आली.

मोठ्या हातानें पुतळा मजबूत होतो असें मात्र कोणी समजूं नये. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांनीं अनावरण केलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळून पडला. नऊ महिनेसुद्धां टिकला नाहीं. आपल्यांतला गवंडी घराचा कोपरा बांधतो, तो पडला तर गांव त्याला पुन्हां काम देत नाहीं.

म्हणून माकणीकरांनो, पुतळा करूं नका असें मी म्हणत नाहीं. पण दुकानांतून रंगविलेला तयार पुतळा आणून चौकांत बसवाल, तर उद्यां त्याचें बोट तुटल्यावर गांवांत डोकीं फुटतील, आणि फायदा तिसऱ्याचाच होईल. आपल्या मुलखाला सांगण्यासारखें कमी आहे काय? आपल्याच तालुक्यांत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ सालीं निघाली, तेथें स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. १९४८ पर्यंत निजामाचें राज्य कोणी कसें सोसलें, तेरणेच्या धरणांत कोणाची जमीन गेली, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर-किल्लारीकडे जमीन हादरली तेव्हां कोणी कोणाला मातीखालून ओढून काढलें, हें अजून म्हातारीं माणसें सांगूं शकतात. तीं आणखी फार दिवस पुरणार नाहींत.

पहिली वर्गणी दहा रुपयांच्या वहीची काढा. शाळेंत जाणाऱ्या पोरीच्या हातीं ती द्या, आणि तिला आधीं आजीजवळ बसवा. मोलकरणीचें नांव, लोहाराचें नांव, कोणाचेंही गाळूं नये. नांवें जमलीं, कीं दगड कोणता आणि कोठला हें गवंडी व सुतार यांना विचारूं. वही भरली कीं मला निरोप धाडा. मी पुन्हां येईन.