वायुसेनेची वाट कोठे वळते?

(वारंगा फाटा येथील ज्ञातिसंमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज ज्यांचा आपण गौरव केला त्या मुलांपैकी दोघांनी मला विचारले, "गुरुजी, लढाऊ विमानाचे वैमानिक व्हायचे तर कोणत्या कॉलेजात जावे?" मी स्वतः केवळ मॅट्रिक झालेला शिक्षक. परंतु मुलांचे अर्ज भरून देण्यात माझी हयात गेली असल्याने या वाटेवरची नाकी मला थोडीफार ठाऊक आहेत.

नांदेडहून येणारा रस्ता आपल्या या फाट्यावर दुभंगतो. एक हिंगोलीकडे जातो, दुसरा हदगावावरून यवतमाळकडे. येथे चुकीच्या गाडीत बसलेला प्रवासी, गाडी जितकी वेगाने जाईल तितका आपल्या गावापासून दूर जातो. वायुसेनेच्या वाटेचा फाटा दहावीनंतर लागतो. तेथे 'कॉलेज कोणते' यापेक्षा 'विषय कोणते' हा प्रश्न अधिक अगत्याचा आहे.

सांप्रत आपल्या मराठवाड्यात लातूर पॅटर्नचा मोठा बोलबाला आहे. मुलाने डॉक्टर व्हावे ही इच्छा वाईट नव्हे. परंतु त्या ओढीने पुष्कळ मुले जीवशास्त्र घेऊन गणिताला रजा देतात. माझ्या परिचयातील एका बुद्धिमान मुलाचे असेच झाले. वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही, तेव्हा त्याला वायुसेनेची आठवण झाली. दृष्टी उत्तम, शरीर काटक. पण बारावीला गणित नाही, म्हणून अर्जाच्या पहिल्याच अटीवर तो अडला. गणित राखून जीवशास्त्रही घेता येते. गणित सोडल्यावर मात्र हे दार मिटते.

पहिला मार्ग खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा. तिची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस असावे आणि वायुसेनेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असावे. बारावीत शिकणाऱ्यालाही अर्ज करता येतो. लेखी परीक्षा ९०० गुणांची; त्यांत ३०० गुण एकट्या गणिताचे आणि २०० इंग्रजीचे. पुढे पाच दिवसांची निवड-मुलाखत, वैमानिकाची उपजत पात्रता तपासणारी चाचणी व कडक वैद्यकीय तपासणी. निवड झाली की या प्रशिक्षणातूनच पदवीही मिळते. निराळे कॉलेज शोधावे लागत नाही. तदनंतर उड्डाणाचे शिक्षण हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील वायुसेना अकादमीत होते.

या परीक्षेची तयारी करून घेण्यासाठी राज्य शासनाने १९७७ साली छत्रपती संभाजीनगर येथे सेवा पूर्वतयारी संस्था स्थापन केली. दहावीच्या मुलांना प्रवेशपरीक्षा देऊन अकरावी-बारावीची दोन वर्षे तेथे राहता येते.

हे आपल्याला साधेल काय, अशी शंका कोणी घेऊ नये. पलीकडच्या हदगाव तालुक्यातील हस्तरा हे ज्यांचे मूळ गाव, ते विवेक राम चौधरी खडकवासल्याहूनच वायुसेनेत गेले. १९८२ साली ते अधिकारी झाले, ३,८०० तासांहून अधिक उड्डाण केले आणि २०२१ ते २०२४ या काळात भारताचे वायुसेनाप्रमुख होते. त्यांच्या आधी २००९ ते २०११ मध्ये हेच पद भूषविणारे प्रदीप वसंत नाईक हे सातारच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी होते.

दुसरा मार्ग पदवीनंतरचा. वीस ते चोवीस या वयात वायुसेनेची सामायिक प्रवेशपरीक्षा देता येते. पदवी कोणत्याही शाखेची चालते, पण तीत साठ टक्के गुण हवेत आणि बारावीला गणित व भौतिकशास्त्र हवेच. पाहा, गणित येथेही सुटत नाही! म्हणून कॉलेज निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. जी पदवी चांगल्या गुणांनी पुरी करता येईल तीच घ्यावी. आणि शक्यतो राष्ट्रीय छात्रसेनेची वायुशाखा असलेले कॉलेज पाहावे, कारण तिच्या 'सी' प्रमाणपत्रधारकांना निराळा प्रवेशमार्ग आहे.

आता पालकांशी दोन शब्द. विमान चालविण्याचा व्यावसायिक परवाना काढण्यास लक्षावधी रुपये लागतात. तो मार्ग मुख्यतः प्रवासी विमानांचा. लढाऊ वैमानिकास शासन स्वतःच्या खर्चाने शिकविते. तेव्हा कोणाच्या जाहिरातीस भुलून शेत गहाण टाकू नका. मुलाची दृष्टी व रंगज्ञान मात्र दहावीतच तपासून घ्या. दोष असल्यास तो आधी कळलेला बरा.

आणि हे सारे मुलींनाही लागू आहे. २०१६ साली तीन तरुणी भारताच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. २०२२ पासून खडकवासल्याचे दार मुलींना उघडले असून, २०२५ च्या मे महिन्यात तेथून १७ कन्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. नाशिक येथे मुलींसाठीही पूर्वतयारी संस्था निघाली आहे. आपल्या घरातील मुलीला 'तुला गणित कशाला?' असे यापुढे कोणी म्हणू नये.

निवड थोड्यांचीच होते, हे खरे. परंतु ज्याने दोन वर्षे गणित, इंग्रजी व व्यायाम यांची नेमाने उपासना केली, त्याला अभियांत्रिकी, अध्यापन वा अन्य सेवा यांची दारे उघडीच राहतात. हे श्रम वाया जाणारे नव्हेत.

आपल्या ज्ञातिसंस्थेने प्रतिवर्षी दहावीच्या निकालापूर्वी, निकालानंतर नव्हे, पालकांची एक सभा घ्यावी आणि ही माहिती घरोघर पोहोचवावी, अशी माझी नम्र सूचना आहे. मुलांच्या मनोरथांना यश लाभो, अशी ईश्वरचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.