काळे मोहरे वाट्याला आले तर

बुद्धिबळात पहिली चाल पांढऱ्याची, हे खेळ न येणाऱ्यालाही ठाऊक असतं. काळ्याच्या वाट्याला येतं ते पहिलं उत्तर. समोरच्यानं राजाचं प्यादं सारलं तर उत्तर वेगळं, वजिराचं सारलं तर वेगळं. मला बोलायचंय ते या वजिराच्या प्याद्याबद्दल, कारण काळ्याची खरी दमछाक तिथं होते.

राजाचं प्यादं दोन घरं पुढे आलं की ते उघड्यावर पडतं, त्याच्या पाठीशी कुणी नसतं. वजिराचं प्यादं मात्र दोन घरं आलं तरी मागे खुद्द वजीर उभा असतो. त्याच्यावर एकदम धावून जाता येत नाही. डाव सावकाश चढत जातो आणि पंधराव्या-विसाव्या चालीला काळ्याच्या ध्यानात येतं, की आपल्याला हातपाय हलवायला जागाच उरलेली नाही. म्हणून बचाव आधीच ठरवून बसावं लागतं.

आपल्या जुन्या देशी खेळात बहुतेक ठिकाणी प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मिळे. धावत जाऊन मध्य बळकावणं जमतच नसे. मग माणसं कडेनं प्यादं एक घर सरकवत, त्या जागी उंट तिरका लावत आणि दुरून मध्यावर डोळा ठेवत. एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचा खेळाडू जॉन कॉकरेन या स्कॉटिश बॅरिस्टरशी असाच खेळे. १८५५ च्या एका डावात त्यानं जी मांडणी केली, ती १९२२ साली ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डनं मोठ्या स्पर्धेत आणली आणि जगानं तिला ग्रुनफेल्डचं नाव दिलं. तरी ‘किंग्ज इंडियन’, ‘क्वीन्स इंडियन’ या नावांत आपला देश राहिला, एवढं समाधान. शब्दांचं नेमकं उलट झालं. वजीर, प्यादं, शह, मात हे सगळे फारसीच्या वाटेनं आले आणि मराठीत असे रुळले, की राजकारणावर लिहिताना ‘शह दिला’ म्हणणाऱ्याला पट आठवतही नाही.

तर काळ्यापुढे दोन वाटा. एक ही इंडियन घराण्याची: मध्य पांढऱ्याला देऊन टाकायचा, त्याला ऐसपैस पसरू द्यायचं आणि मग सुरुंग लावायचा. जमलं तर झकास, नाही जमलं तर चिरडून मरण. दुसरी वाट जुनी: आपणही वजिराचं प्यादं दोन घरं पुढे टाकून त्याच्यासमोर उभं राहायचं. पांढरा शेजारचं प्यादं आणून त्याला धक्का देतो, तेव्हा त्याला राजाच्या प्याद्याचा टेकू दिला तर मोर्चा भक्कम होतो. पण वजिराच्या बाजूचा उंट आपल्याच भिंतीआड कोंडला जातो. टेकू वजिराच्या उंटापुढच्या प्याद्याचा दिला, तर तो झाला स्लाव्ह बचाव. यात उंटाची वाट मोकळी राहते, पण ते प्यादं खर्ची पडल्यानं त्या बाजूचा प्रतिहल्ला लांबतो. फुकट काहीच मिळत नाही.

आमच्या गोखिवऱ्यात शेजारच्या चाळीत एक मुलगी आहे, दहावीतली. वडील रिक्षा चालवतात. जिल्हा निवड स्पर्धेत पहिल्या चारांत आली नाहीस तर पट माळ्यावर जाईल, वर्ष बोर्डाचं आहे, असं त्यांनी बजावलेलं. कुणीतरी तिला किंग्ज इंडियन शिकवला होता, कारण त्यात ‘अ‍ॅटॅक’ असतो. पोर स्वभावानं घट्ट, हिशेबी. काळ्यानं हरत होती. मला विचारायला आली, ‘चाचा, चांगला बचाव कुठला?’

मी तिला विश्वनाथन आनंदच्या दोन गोष्टी सांगितल्या. २००८ साली बॉन इथं जगज्जेतेपदाची लढत क्रॅमनिकशी होती. वजिराच्या प्याद्याचा डाव म्हणजे क्रॅमनिकचं माहेर. आनंदनं काळे मोहरे घेऊन तिसऱ्या आणि पाचव्या डावात एकच अणकुचीदार बचाव खेळला, सेमी-स्लाव्हमधला मेरान, आणि दोन्ही डाव जिंकले. त्यामागे त्याच्या सहकाऱ्यांची महिनोन् महिन्यांची तयारी होती. ते धाडस घरी तोलून-मापून आणलेलं होतं.

दुसरी गोष्ट २०१० ची, सोफियाची. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं विमानं बंद, म्हणून आनंद मोटारीनं फ्रँकफर्टहून निघून तिथं पोचला. पहिल्याच डावात काळ्यानं ग्रुनफेल्ड खेळला आणि टोपालोव्हनं त्याला तीस चालींत झोपवलं. पुढे चढउतार होत ११ डावांनंतर गुण साडेपाच-साडेपाच. बारावा, शेवटचा डाव. आनंदकडे पुन्हा काळे. तेव्हा त्यानं काय काढलं? लास्कर बचाव! इमॅन्युएल लास्कर १८९४ ते १९२१ जगज्जेता होता, त्याच्या काळातली ही चीज. घोडा मध्यात आणायचा, मोहऱ्यांची मारामारी करून पट हलका करायचा आणि शांत बसायचं. काहीजण याला रटाळ म्हणतात. मला तसं वाटत नाही. कारण बरोबरी झाली तर पुढे जलद डाव होते, त्यात आनंदचा हात धरणारे थोडे. जोखीम टोपालोव्हला घ्यावी लागली, आणि ती घेताना त्यानं आपल्याच राजापुढचं दार उघडलं. ५६ चालींत आनंद जिंकला.

मुलगी म्हणाली, ‘म्हणजे जुनाच खेळू?’ मी म्हटलं, ‘तुला कुठल्या पटावर बसून झोप येत नाही आणि घामही फुटत नाही, ते बघ.’ दीड महिना तिनं राजाच्या प्याद्याच्या टेकूचा तो जुना बचाव घोटला. चाली पाठ करण्यापेक्षा कुठलं मोहरं कुठल्या घरी का जातं, ते वहीत मराठीत लिहून काढलं. (त्या वहीतलं शुद्धलेखन हा वेगळा विषय.) २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत कोनेरू हम्पीला शेवटच्या जलद डावात काळे घेऊन हरवलं आणि महिलांचा विश्वचषक आणला, तेव्हा त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर तिचं वर्तमानपत्रातलं छायाचित्र चिकटलं.

निवड स्पर्धेत शेवटच्या फेरीत पोरीला काळे आले. चौथ्या नंबरासाठी अर्धा गुण हवा होता. समोरच्या मुलीनं वजिराचं प्यादं दोन घरं सारलं. साडेतीन तासांनी बरोबरी झाली. रात्री वडील पेढे घेऊन आले, मागे ही. मी म्हटलं, ‘कसा झाला डाव?’

‘चाचा, तो उंट शेवटपर्यंत बाहेर आलाच नाही,’ ती म्हणाली. ‘पण आत बसून त्यानंच ते प्यादं राखलं.’