साथ आली की मुलींनाच घरी का पाठवतात?

(घोरावाडी येथे वसतिगृहात राहणाऱ्या व लोकलने कॉलेजला येणाऱ्या मुलींसमोर केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. मी बोलणार आहे ते वसतिगृहातल्या एका काविळीबद्दल. मी दुसऱ्या वर्षाला होते. तीन आठवड्यांत आमच्या मजल्यावरच्या अकराजणींचे डोळे पिवळे झाले. बाईंनी आम्हाला गोळा करून सांगितले, "बाहेरची पाणीपुरी खाता, त्याचे फळ." संध्याकाळी सातनंतर फाटक बंद झाले आणि चौथ्या दिवशी वसतिगृह रिकामे करण्याची नोटीस लागली. गच्चीवरच्या टाकीला झाकण नव्हते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. तिकडे कोणी बघितले नाही.

दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ पोटात विषाणू गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी दिसते. म्हणजे नोटिशीच्या दिवशी धडधाकट दिसणाऱ्या कितीतरी मुली आजार घेऊनच गावी गेल्या. तिथे ना रक्ततपासणी, ना कोणाला सांगायची सोय. साथ संपली नाही, फक्त संस्थेच्या कागदावरून उतरली. माझ्या खोलीतली मुलगी परत आलीच नाही. "आता घरी आलीच आहेस तर" म्हणून तिला स्थळे दाखवली, आणि दिवाळीनंतर लग्न झाले.

साथीच्या नावाखाली बायकांना कसे वागवायचे, हा प्रश्न आपल्या पुण्यात फार जुना आहे. साथरोग कायदा १८९७ सालचा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू केला तो हाच. त्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. हे आपण दरवर्षी सांगतो. पंडिता रमाबाईंचे मात्र कमी सांगतो. त्यांच्या शारदा सदनात शिकणाऱ्या, राहणाऱ्या मुली होत्या. म्हणजे तेही वसतिगृहच. पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल, आपल्या आश्रमातल्या मुलीचा दाखला देऊन, त्यांनी १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहिले. सरकारने आरोप नाकारले. पण संस्था चालवणाऱ्या बाईने संस्थेच्या नावाची काळजी न करता मुलीची बाजू जाहीरपणे घेतली, हे मला मोठे वाटते. कर्व्यांनी प्लेगच्या त्या काळात १९०० साली विधवांचा आश्रम हिंगण्याला शहराबाहेर हलवला. मुलींना माहेरी-सासरी पाठवून आश्रम बंद केला नाही. जागा बदलली, शिक्षण चालू राहिले.

२०२० मध्ये कॉलेजे बंद करणे टाळता आले असते, असे मी म्हणत नाही. तो रोग नवा होता, लस नव्हती. पण लोणावळा लोकल थांबली तेव्हा कामशेत-वडगावच्या मुलीच्या हातात स्वतःचा मोबाईल होता का? घरात एकच फोन आणि भाऊही शिकणारा, मग तो कोणाकडे जाणार, हे काही मी तुम्हाला सांगायला नको.

आता करायचे काय? आजाऱ्यांसाठी खिडकी आणि स्वतंत्र संडास असलेली एक खोली, आणि तिथे डबा पोचवणारे माणूस, एवढे प्रत्येक वसतिगृहाला जमते. कांजिण्या आलेल्या मुलीला फोडांवर खपल्या धरेपर्यंत वेगळे ठेवावे लागते. एसटीत बसवून गावी धाडले तर सगळ्या गाडीला प्रसाद. एक वही ठेवा: कोण, कुठल्या तारखेला, कुठल्या मजल्यावर आजारी पडली, कुठे जेवली, कुठले पाणी प्यायली. आम्ही ती ठेवली असती तर पाणीपुरीचा आरोप एका दिवसात पडला असता, कारण अकरांपैकी चारजणी बाहेर खातच नव्हत्या. नावे मात्र भिंतीवर लावू देऊ नका. आणि पाणी. ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल पावडर टाकल्यावर नळाच्या पाण्यात ओ.टी.चे थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहतो. ही तपासणी तुम्हालाही जमेल. मात्र ती नळाला करा, टाकीला नव्हे, कारण पाइप मध्येच फुटलेला असू शकतो.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगायला मला जड जाते. आमच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या एक ताई होत्या, आठवा महिना चाललेला. त्या तेच पाणी पीत. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' कावीळ झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीसजणींपर्यंत दगावू शकतात. हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आम्ही घरी गेलो तेव्हा मेस बंद झाली, त्यांचा पगारही थांबला असणार. परत आलो तेव्हा पोळ्यांना दुसऱ्या बाई होत्या. पहिल्या ताईंचे काय झाले, हे आमच्यापैकी कोणीच विचारले नाही. मीही नाही.

म्हणून तुमच्या वहीत मेसच्या बायका, झाडूवाल्या मावशी, रात्रीचे वॉचमन यांचीही पाने ठेवा. आणि आज परत गेल्यावर आधी गच्चीवर जा. टाकी धुतल्याची तारीख तिच्यावर रंगवलेली आहे का, झाकण आहे का, ते बघा. पुढच्या बैठकीत आपण तिथूनच सुरुवात करू.