नव्या जिवाचे स्वागत, थोड्या अंतरावरून
(जीवदया समितीच्या सभेत केलेले भाषण)



घरातील मुक्या जिवांविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मला झाली. मी पशुवैद्यक नव्हे. बी.कॉम. होऊन वडिलांच्या कापडाच्या पेढीवर बसलो आणि तेथेच साठी ओलांडली. तरीही उभा राहिलो, कारण माझ्या हयगयीमुळे एक जीव गेला आहे, आणि त्या हयगयीच्या मुळाशी दयाच होती.

नातीच्या हट्टापायी आमच्या घरी एक गिनीपिग आली. रंग तपकिरी, म्हणून तिचे नाव बदामी. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातला, कळपाने राहणारा. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या नियमांनुसार तो एकटा पाळताच येत नाही. (प्राणी पिंजऱ्यात ठेवावाच का, हा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात असेल, तो रास्त आहे, पण आज तो बाजूस ठेवतो.) बदामीचे एकटेपण मला पाहवेना. म्हणून बाजारातून एक पांढरे पिल्लू आणले आणि त्याच संध्याकाळी तिच्या पिंजऱ्यात सोडले. दोघी एकाच ताटलीतून कोथिंबीर खाऊ लागल्या. घरात आनंदीआनंद झाला. पांढरीचे नाव कापशी ठेवले.

तिसऱ्या दिवशी कापशीला दोन-चार शिंका आल्या. प्रवासाचा शीण असेल, असे म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. सातव्या दिवशी बदामीने खाणे सोडले. अंगावरचे केस फुलवून ती कोपऱ्यात बसून राहिली. घरात उरलेल्या अॅमॉक्सिसिलिनच्या औषधातले दोन थेंब द्यावेत, असे माझ्या मनात आले होते. डॉक्टरांनी वेळीच अडवले. पेनिसिलिनच्या जातीची औषधे पोटात गेल्यास गिनीपिगच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात आणि औषधच प्राणघातक ठरते. योग्य औषध सुरू झाले, पण न्यूमोनिया पुढे गेला होता. नवव्या दिवशी बदामी गेली. कापशी मात्र वाचली. डॉक्टर म्हणाले की, काही जनावरे स्वतः फारशी आजारी न पडता बोर्डेटेलासारखे जंतू नाकात, घशात बाळगतात. सशाच्या अंगीही हे जंतू असतात. म्हणून ससा आणि गिनीपिग एकत्र ठेवू नयेत.

त्या रात्री मला माझ्या दुकानाची आठवण झाली. बाहेरून परत आलेल्या शालींचा गठ्ठा आम्ही कधीही थेट फडताळात रचत नाही. आधी तो मागच्या खोलीत ठेवतो, उलगडून घडीघडी तपासतो, कारण एका शालीतली कसर साऱ्या फडताळाला लागते. चाळीस वर्षे जी खबरदारी मी निर्जीव मालासाठी घेतली, ती सजीवासाठी घेतली नाही.

रोगाची शंका असलेल्यांना दूर ठेवण्याची प्रथा जुनी आहे. रगुसा, म्हणजे आजचे डुब्रोव्हनिक, या बंदराने १३७७ साली प्लेगच्या भीतीने येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबविले. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि इटालियन भाषेतील चाळीस या संख्येवरून क्वारंटाइन हा शब्द रूढ झाला. २०२० मध्ये विलगीकरण या नावाने आपण सर्वांनीच तो अनुभवला. गिनीपिगसाठी साधारण दोन ते तीन आठवडे पुरतात.

मात्र दोन पिंजरे शेजारी ठेवणे म्हणजे विलगीकरण नव्हे. शिंकेचे तुषार जाळीतून सहज जातात. खोलीच वेगळी हवी. पाण्याची बाटली, ताटली आणि साफसफाईचा ब्रशही वेगळा हवा. प्रथम जुन्या जनावराची सेवा करावी, नंतर नव्याची, आणि मग साबणाने हात धुऊन अंगावरचा कपडा बदलावा. हा क्रम उलटला की सारे व्यर्थ. मधेच तिसरे जनावर त्या खोलीत आणले, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

हा भित्रा प्राणी शिकारी जनावरांच्या धाकाने आजार लपवतो. चेहऱ्यावरून काही कळत नाही. म्हणून दररोज ठरावीक वेळी तराजूत वजन करून वहीत मांडावे. व्यापाऱ्याच्या घरी हे अवघड नसावे. वजन सलग उतरू लागले की डॉक्टरांकडे जावे. खरूज आणि गजकर्णही याच मुदतीत दिसून येतात. गजकर्ण तर मुलांच्या हातालाही लागते. शिवाय बाजारातून आणलेली मादी पुष्कळदा गाभण असते. गर्भकाळ सुमारे ५९ ते ७२ दिवसांचा, त्यामुळे बहुधा तेही या काळात ध्यानात येते. आहाराचे म्हणाल, तर मुख्य अन्न वाळलेले गवत. माणसाप्रमाणेच याचे शरीरही क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. ते सिमला मिरचीतून भरपूर मिळते. आमच्या घरी कंदमूळ येत नाही, आणि गाजरावाचून याचे काही अडत नाही.

एका भगिनीने मला विचारले, "कळपातला जीव तीन आठवडे एकटा ठेवणे ही हिंसा नव्हे का?" प्रश्नाने मी निरुत्तर झालो होतो. डॉक्टरांनीच मार्ग दाखविला : एकाच पिंजऱ्यात वाढलेल्या दोघी एकत्र आणाव्यात आणि एकत्रच दूर ठेवाव्यात.

बदामीचा पिंजरा आम्ही निर्जंतुक केला. कापशीला पुन्हा तपासून घेतले आणि डॉक्टरांचा होकार मिळाल्यावर दोन बहिणी आणल्या. त्या गच्चीलगतच्या खोलीत आहेत. आज त्यांचा अकरावा दिवस. सकाळी एकीचे वजन ३४२ ग्रॅम भरले, दुसरीचे ३२८. नातीने वहीत लिहिले आहे. "आबा, आता भेट घडवू या ना?" असे ती रोज विचारते. अजून दहा दिवस आहेत.