प्रकाशाचा धक्का

कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीवर आदळला की सोंगटी पळते आणि स्ट्रायकर मंदावतो. एकाने गमावलेला संवेग दुसऱ्याला मिळतो. हिशेब चुकत नाही. पण प्रकाशाला वस्तुमानच नाही, त्याला कसला आलाय संवेग, असे आपण म्हणाल. अमेरिकेत आर्थर कॉम्प्टन यांनी ग्राफाइटवर क्ष-किरण सोडले, तेव्हा विखुरलेल्या किरणांची तरंगलांबी वाढलेली आढळली. नुसती लाट मानून हे कोडे सुटेना. १९२३ साली त्यांनी किरणांचे पुंज मानले, कॅरमचाच हिशेब मांडला, आणि तो जुळला! इलेक्ट्रॉनला धक्का देताना पुंज संवेग गमावतो, म्हणून तरंगलांबी वाढते. प्लांकचा स्थिरांक भागिले तरंगलांबी, हा पुंजाचा संवेग. लाट आणि कण एकाच सूत्रात नांदू लागले. आता दिवा लावाल तेव्हा आठवा: उजेडही आपल्याला ढकलतो, अगदी हळूच.