शेंदूर आणि गेरू
(मानोरा येथे मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



तेलात कालविलेला शेंदूर मारुतीला लावावा आणि उरलेले बोट लेकराच्या कपाळाला टेकवावे, ही आपली रीत. मीही तेच करीत आले. पण शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. शिसे हवेत तापविले की पिवळी भुकटी होते, ती आणखी भाजली की शेंदूर! लोखंडी पुलांना गंज चढू नये म्हणून हाच फाशीत असत.

देवाच्या दगडाला त्याची बाधा नाही. लेकराचे तसे नव्हे. कपाळावरचे बोट तोंडात जाते, शिसे हाडांत साठते, रक्त कमी होते, बुद्धी मंदावते; आणि ताप नाही, खोकला नाही, म्हणून आईला पत्ताही लागत नाही. घरच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नको, असा कायदा २०१७ पासून लागू आहे. अस्सल शेंदरात दहा भागांत नऊ शिसेच!

गेरू निराळा. त्याचा तांबडेपणा लोखंडाच्या गंजाचा. तुळशीवृंदावन, ओटा खुशाल सारवा.

शेंदराची पुडी मात्र उंच कोनाड्यात ठेवा, आणि हात धुतल्यावाचून कणकेला लावू नका.