पेरूचा किनारा आणि आपला मृग



वर्ध्याच्या श्रोत्यांपुढे पॅसिफिकचा किनारा कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, हे खरे. पण हिंगणघाटच्या बाजारात कापूस किती येणार, याचा त्या किनाऱ्याशी काही संबंध आहे.

दक्षिण अमेरिकेतील पेरूची किनारपट्टी म्हणजे समुद्र आणि अँडीज पर्वत यांच्यामध्ये पसरलेले चिंचोळे वाळवंट. शेजारी अथांग पाणी, आणि लिमा शहरी वर्षाकाठी दोन-तीन सेंटीमीटर पाऊसही पडत नाही! वारा किनाऱ्याजवळचे वरचे पाणी दूर लोटतो, तळचे गार पाणी वर येते. त्यावरची थंड हवा वर चढत नाही. मग मेघ कोठून बनणार? नुसते धुके. मासळी मात्र अमाप. अँडीजवरून उतरणाऱ्या नद्यांच्या पाटांवर तेथेही कापूस होतो, आणि तो लांब धाग्याचा.

काही वर्षी हे पाणी तापते. नाताळच्या सुमारास येणाऱ्या या उबेला तेथील कोळ्यांनी ‘एल निनो’, म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. (नाव गोंडस, करणी नव्हे!) वाळवंटात पूर येतात, मासळी नाहीशी होते.

१९०४ साली हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर मूळचे गणिती. देशोदेशीचे आकडे जुळवताना त्यांना दिसले की, पॅसिफिकच्या पूर्वेस हवेचा दाब उतरला की हिंदी महासागराकडे तो चढतो. तराजूची दोन पारडीच जणू. समुद्राच्या तापण्याशी याची सांगड ब्यर्कनेस यांनी १९६०च्या दशकात घातली. आपल्याकडे दाब चढला की हवा खाली उतरू लागते, आणि ढग विरतात.

१८७७, १९८२, २००९, २०१५ या वर्षी तिकडे पाणी तापले व देशात पाऊस कमी पडला. पण १९९७ साली पाणी फार तापूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराची त्या वर्षी साथ होती. म्हणून ‘एल निनो’ची बातमी वाचताच हाय खाऊ नये, आणि ती थट्टेवारीही नेऊ नये. शिवाय देशाची सरासरी म्हणजे आर्वीचे शिवार नव्हे. आपली कपाशी बहुतेक कोरडवाहू. तिला पेरूसारखा नदीचा पाट नाही. अशा वर्षी मृगाच्या पहिल्या सरीला सरकी टोकून दुबार पेरणी ओढवून घेण्यापेक्षा ढेकूळ फोडून ओल किती खोल गेली ते पाहावे, आणि दोन ओळी तुरीच्या जास्त धराव्यात.